एक ताट जास्तीचे
(आगमनकाळासाठी अभ्यासलेख)



आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आपल्या घराघरांत दोन याद्या तयार होतात. एक बाजाराची आणि दुसरी पाहुण्यांची. 2023 सालच्या नाताळात आमच्या घरी यातली एकही यादी झाली नाही. आमची मुलगी नोकरीनिमित्त पोलंडमधील क्राकूव शहरात राहते. तिला रजा मिळत नव्हती, म्हणून तिच्या आईने आणि मी तिकडेच जायचे ठरवले. घर सोडून नाताळ करण्याची आमची ही पहिलीच वेळ. वाडीतली नाताळगीते नाहीत, फुगे आणि करंज्या नाहीत, आपल्या चर्चच्या अंगणातली मध्यरात्रीची मिस्सा नाही, या विचाराने पत्नी निघण्याआधीच हिरमुसली होती.

तिकडे काय पाहिले ते बुलेटिनसाठी लिहा, असे फादरांनी तेव्हापासून अनेकदा सांगितले. मी टाळत होतो. कारण ते लिहायचे म्हणजे स्वतःच्या घरातली एक गोष्टही लिहावी लागणार होती. यंदा लिहितो आहे.

काळोखातली मिस्सा

आम्ही डिसेंबरच्या मध्यावर पोहोचलो. दुसऱ्याच दिवशी मुलीच्या घरमालकीण आजी आम्हाला पहाटेच्या मिस्सेला घेऊन गेल्या. पोलंडमध्ये आगमनकाळात पवित्र मरियेच्या सन्मानार्थ एक खास मिस्सा होते. तिला 'रोराती' म्हणतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात (45:8) आकाशाने वरून नीतिमत्त्वाचा वर्षाव करावा अशी विनवणी आहे. त्या वचनाच्या लॅटिन भाषांतराचा पहिला शब्द 'रोराते', त्यावरून हे नाव पडले. मिस्सा सुरू होताना चर्चमधले सगळे दिवे बंद असतात. लहान मुले हातात कंदील घेऊन रांगेने आत येतात. वेदीजवळ एक वेगळी मेणबत्ती जळत असते. ती मरियामातेची खूण. सूर्योदयाआधी जसे झुंजूमुंजू होते तशी येशूच्या आधी मरिया येते, हा त्यामागचा अर्थ. 'ग्लोरिया'ला सगळे दिवे एकदम लागतात.

आपल्याकडे आगमनकाळात चर्चमध्ये जांभळा रंग दिसतो, पुष्पचक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. पण बाहेर रस्त्यावर महिनाभर आधीपासून रोषणाई झगमगत असते. वाट पाहायला काळोख लागतो, हे मला त्या थंडीत प्रथम जाणवले. (क्राकूवला डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. काळोखाची तिथे टंचाई नाही.)

पहिला तारा

पोलिश लोकांचा खरा नाताळ 24 डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. त्या संध्याकाळीला आणि त्या जेवणाला 'विगिलिया' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जागरण. 2025 पासून तो दिवस तिथे सरकारी सुटीचा झाला आहे. आम्ही गेलो तेव्हा सुटी नव्हती, पण त्या वर्षी 24 तारीख रविवारीच आली होती. सकाळी आगमनकाळाच्या चौथ्या रविवारची मिस्सा आणि संध्याकाळी विगिलिया.

दिवसभर घरात कोणी धड जेवत नाही. आकाशात पहिला तारा दिसला की मगच टेबलावर बसायचे. ज्ञानी लोकांना वाट दाखवणाऱ्या ताऱ्याची ती आठवण. त्या संध्याकाळी आकाश ढगाळ होते. आजींचा लहान नातू तीन वेळा गॅलरीत जाऊन आला आणि तिन्ही वेळा तोंड पाडून परतला. शेवटी आजी म्हणाल्या, तारा ढगामागे आहेच, तो दिसत नाही म्हणून उगवला नाही असे थोडेच आहे, चला बसू या.

टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीखाली मूठभर सुके गवत पसरलेले. बाळ येशूला गव्हाणीत निजवले (लूक 2:7), म्हणून. हात टेकला की चादरीखाली गवत कुरकुरते. आपण गोठा सजवतो तो घराच्या कोपऱ्यात. इथे जेवणाचे टेबलच गव्हाण झालेले.

जेवणात मांस नाही. ख्रिस्तसभेचा तसा बंधनकारक नियम आता नाही, पण लोक पाळतात. पदार्थ बारा, प्रेषितांच्या संख्येइतके, आणि प्रत्येक पदार्थ थोडा तरी चाखायचा. बिटाचे लालभडक आंबट सार आणि त्यात रानटी अळंब्या भरलेल्या इवल्या पुऱ्या, कोबीचे सारण भरलेले 'पिएरोगी' (आपल्या उकडलेल्या करंज्याच म्हणा), खारवलेले हेरिंग मासे, सुकवलेल्या फळांचे सरबत, खसखशीचे सारण गुंडाळलेला केक. आणि कार्प नावाचा गोड्या पाण्यातला मासा. तळ्यातल्या या माशाचा नाताळाशी इतका घट्ट संबंध दुसऱ्या महायुद्धानंतर जुळला, कारण त्या टंचाईच्या काळात तो सहज पाळता आणि पुरवता येत होता. काही घरांत तो आदल्या दिवसांत न्हाणीघरातल्या टबात जिवंत ठेवत. मुलांना त्याचा लळा लागे आणि मग जेवणाच्या वेळी रडारड. समुद्राच्या माशावर वाढलेल्या माझ्यासारख्याला त्याची चव मातकट लागली, पण आजींना मी तसे सांगितले नाही.

मोडून वाटायची भाकर

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सार वाढण्याआधी आजींच्या मुलाने लूकच्या शुभवर्तमानातील येशूजन्माचा उतारा वाचला. मग आजींनी एक बशी उचलली. तिच्यात पत्त्याच्या आकाराच्या, कागदासारख्या पातळ पांढऱ्या चकत्या होत्या. त्यांवर गोठ्याचे चित्र उठवलेले. याला 'ओप्वातेक' म्हणतात. फक्त पीठ आणि पाणी. मिस्सेतली बिनखमिराची भाकर जशी लोखंडी साच्यात भाजतात तशीच ही भाजतात. आगमनकाळात ती धर्मग्रामात वाटली जाते, आशीर्वादितही असते. पण एक गोष्ट नीट समजून घेऊ या. हे ख्रिस्तशरीर नव्हे. तिच्यावर मिस्सेतील अर्पणविधी झालेला नसतो. म्हणूनच तर ती लहान मुलाला, अन्यधर्मीय पाहुण्याला, कोणालाही देता येते. खेड्यांत तिची रंगीत चकती गोठ्यातल्या गाईगुरांनाही देण्याची चाल आहे. तिचे नाव 'अर्पण केलेले' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे.

पद्धत अशी. प्रत्येकाने एक चकती हातात घ्यायची. मग एकेकासमोर जायचे, त्याच्या चकतीचा तुकडा मोडून खायचा, आपल्या चकतीचा तुकडा त्याला मोडू द्यायचा, त्याच्या डोळ्यांत बघून त्याला शुभेच्छा द्यायच्या. वर्षभरात काही बिनसले असेल तर तेही तेव्हाच बोलायचे, क्षमा मागायची. मग मिठी. मग पुढचा माणूस. आम्ही दहा जण होतो. दहा जणांत प्रत्येकाने प्रत्येकाला भेटायचे म्हणजे पंचेचाळीस भेटी. अर्धा तास गेला. सार निवले. कोणालाही घाई नव्हती.

आजी आणि त्यांच्या सूनबाई आठवडाभर कुरबुरत होत्या. भाषा येत नसली तरी सासूसुनेची कुरबूर कळायला भाषा लागत नाही. त्या दोघी एकमेकींसमोर आल्या तेव्हा सूनबाई काही बोलायला गेल्या आणि त्यांना शब्द फुटेना. आजींनी तिच्या हातातला तुकडा मोडला आणि बराच वेळ तिचा हात धरून उभ्या राहिल्या. आम्ही दुसरीकडे पाहिले.

वेदीवर अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण (मत्तय 5:23-24) मी किती वेळा ऐकली असेन, किती वेळा शिकवलीही असेल. लक्षात घ्या, प्रभू 'तुझ्या मनात काही असेल तर' असे म्हणत नाही. भावाच्या मनात असेल तर, असे म्हणतो. चूक कोणाची हा प्रश्नच तिथे नाही. ज्याला आठवले त्याने उठायचे. मिस्सेत शांती देण्याच्या वेळी आपण शेजाऱ्याला नमस्कार करतो. दोन-तीन सेकंदांत आटोपते. शिवाय कोणाशेजारी बसायचे ते आपण आधीच ठरवलेले असते. विगिलियाच्या टेबलाभोवती ही पळवाट नाही.

मला मात्र त्या रात्री सगळे फार सोपे गेले. परक्या माणसांशी कसले वैर? मी हसतमुखाने नऊ जणांशी तुकडे मोडले आणि खूश होतो. मग आजींनी मुलीकरवी मला विचारले, "घरी असता तर पहिला तुकडा कोणाबरोबर मोडला असता?"

सरळ साधा प्रश्न. मी "थोरल्या भावाबरोबर" असे म्हणालो, कारण तेच उत्तर शोभले असते. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि मग भाषांतर केले. तिला ठाऊक होते. दादा आणि मी एकाच वाडीत राहतो, एकाच चर्चमध्ये जातो. विहिरीकडच्या वाटेच्या चार हात जागेवरून 2012 पासून आमचे बोलणे बंद होते.

अकरावे ताट

दहा माणसे आणि टेबलावर ताटे अकरा. विगिलियाला एक ताट जास्तीचे मांडायचे, हा नियम तिथे सहसा चुकत नाही. अचानक कोणी दार ठोठावले तर त्याच्यासाठी. बेथलेहेमात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी. घरातल्या मृत व्यक्तीसाठी, दूर असलेल्यासाठीही.

या ताटामागे त्या राष्ट्राचा इतिहास आहे. 1795 ते 1918 इतकी वर्षे पोलंड नकाशावर नव्हता. शेजारच्या तीन सत्तांनी तो वाटून घेतला होता. माणसे सैबेरियात हद्दपार झाली, पोटासाठी अमेरिकेत गेली. घरात कोणी ना कोणी नसायचेच. परदेशी गेलेल्या माणसाला ओप्वातेकचा तुकडा पत्राच्या पाकिटातून पाठवण्याची रीत आजही आहे. 13 डिसेंबर 1981 रोजी तिथे लष्करी कायदा पुकारला गेला, हजारोंना स्थानबद्ध केले गेले. त्या वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला संत जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनमधील आपल्या खिडकीत मेणबत्ती लावून ठेवली होती. रिकाम्या ताटाचाच तो एक प्रकार.

आणि यातला एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. त्यांतले जे वाचून इराणमार्गे बाहेर पडले, त्यांपैकी सुमारे पाच हजार जणांना 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. बहुतेक स्त्रिया आणि मुले. 1948 च्या सुरुवातीपर्यंत ती छावणी होती. म्हणजे 1943 ते 1947, असे पाच नाताळ या लोकांनी कोल्हापूरच्या मातीत काढले. गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला तर नवानगरच्या जामसाहेबांनी त्याआधीच, 1942 मध्ये, पोलिश मुलांना ठेवून घेतले होते. ना धर्म एक, ना भाषा. पुढे फाळणीनंतर वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि तिथे आजचे गांधीनगर वसले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश लोकांचे स्मारक आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरचे. मी मराठी बोलतो हे कळल्यावर आजींनी 'कोल्हापूर' हा शब्द उच्चारला. आपल्या राज्यातला एकच गाव त्यांना ठाऊक होता, आणि तो या कारणाने.

आमच्या टेबलावर एक युक्रेनी बाई आणि तिचा शाळकरी मुलगा होता. 2022 च्या मार्चमध्ये ती दोघे आली ती आजींच्या घरीच राहिली. नवरा तिकडेच, कारण युद्धामुळे त्या वयाच्या पुरुषांना देश सोडता येत नव्हता. तिची युक्रेनी ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभा पूर्वी 7 जानेवारीला नाताळ साजरा करी, पण सप्टेंबर 2023 मध्ये तिने दिनदर्शिका बदलली आणि 25 डिसेंबर धरला. त्यामुळे तिचाही तो पहिलाच डिसेंबरातला नाताळ होता. तिने गहू, खसखस आणि मध घालून आपल्याकडचा पदार्थ केला होता. (त्याचे नाव मराठी कानाला बरे वाटणार नाही म्हणून लिहीत नाही. चव मात्र आपल्या गव्हाच्या खिरीची.) जेवणाच्या मध्यावर नवऱ्याचा फोन आला. तिने ओप्वातेक फोनच्या पडद्यासमोर धरला आणि अर्धा मोडला.

मी आजींना म्हटले, तुमचे रिकामे ताट तर भरले. तुम्ही या दोघांना घर दिलेत. आजींनी मान हलवली. ही दोघे घरची आहेत, त्यांची ताटे वेगळी मोजली आहेत, अकरावे अजून रिकामेच आहे.

आपल्याला परक्यांचे सगळे गोड वाटते, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. दरवर्षी ताट मांडणाऱ्या या देशात, 2021 मध्ये बेलारूसच्या सीमेवरून जंगलातून मध्यपूर्वेतील निर्वासित आले तेव्हा सरकारने त्यांना परतवले आणि लोकांत दुफळी पडली. सीमेजवळच्या काही घरांनी खिडकीत हिरवा दिवा लावला. इथे मदत मिळेल, अशी त्याची खूण. बाकीच्या खिडक्यांत तो नव्हता. रविवारच्या मिस्सेचेही तसेच. 1980 च्या दशकात तिथे शंभरातले पन्नासाहून अधिक लोक येत. 2021 पासूनच्या मोजण्यांत हा आकडा तिशीच्या आत आला आहे. ओप्वातेक मात्र मिस्सेला न जाणारेही मोडतात. आजींच्या मुलाने मला हे थोड्या शरमेने सांगितले. तोही त्यांतलाच. आपणही गोठा दरवर्षी मोठा करतो, स्पर्धेत बक्षिसे मिळवतो. कामानिमित्त आपल्या गावात भाड्याने राहणारे परगावचे कुटुंब नाताळच्या रात्री कोणाकडे जेवते, हे आपल्या समूहाच्या पुढच्या बैठकीत एकमेकांना विचारून पाहू या.

उघड्यावरची मध्यरात्र

जेवणानंतर नाताळगीते गात मध्यरात्रीच्या मिस्सेला जातात. तिला 'पास्तेरका', म्हणजे मेंढपाळांची मिस्सा म्हणतात. मेंढपाळ सगळ्यांत आधी पोहोचले, म्हणून. आम्ही नोवा हुता या भागात गेलो. कम्युनिस्ट राजवटीने पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी वसवलेले हे शहर. त्यात मुद्दाम चर्च ठेवले नव्हते. 1960 मध्ये तिथला क्रूस हलवायला आले तेव्हा लोकांनी पोलिसांशी झुंज दिली. 1959 पासून करोल वोयतिवा, म्हणजे पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, तिथे उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत नाताळची मिस्सा अर्पण करीत. चर्चचे बांधकाम 1967 मध्ये सुरू झाले आणि 1977 मध्ये ते अभिषिक्त झाले. प्रभूचे तारू हे त्याचे नाव, आणि आकारही तारवासारखाच.

जागा मिळाली नाही म्हणून आम्ही मागे दाराशी उभे होतो. पत्नी कानाशी म्हणाली, "आपल्याकडे निदान उघड्या मैदानात बसायला खुर्ची तरी मिळते." मग गाणी सुरू झाली आणि ती गप्प झाली. भाषा कळत नव्हती, पण मिस्सा कुठे पोहोचली ते कळत होते. ख्रिस्तशरीर घ्यायला गेलो तेव्हा मला दादा आठवला, हे मी इथे कबूल करतो. रांगेतून बाहेर पडावे असेही वाटले. पडलो नाही. जानेवारीत पापनिवेदनात ते सांगितले.

क्राकूवच्या गोठ्यांबद्दल लिहिले नाही तर मुलगी रागावेल. तिथले गोठे झावळ्यांचे नसतात. चमचमत्या चंदेरी-रंगीत कागदाचे, शहरातल्या चर्चच्या मनोऱ्यांसारखे उंच असतात. थंडीत काम नसलेल्या गवंड्यांनी ही कला वाढवली. 1937 पासून त्यांची स्पर्धा होते, डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी ते मुख्य चौकात मांडतात, आणि 2018 मध्ये युनेस्कोने त्या कलेची नोंद घेतली. बाळ येशू मात्र त्या राजवाड्यात इतका लहान असतो की शोधावा लागतो.

पाकिटातला तुकडा

निघताना आजींनी एक पाकीट दिले. आत एक अख्खा ओप्वातेक. "भावासाठी," असे मुलीने सांगितले. मी तो प्रार्थनापुस्तकात ठेवला. विमानात, टॅक्सीत दाबला जाऊन घरी पोहोचेपर्यंत त्याचे तीन तुकडे झाले होते. आठ दिवस तो कपाटात पडून राहिला. पत्नी रोज कपाट उघडून बघायची आणि काही बोलायची नाही.

नवव्या दिवशी मी विहिरीच्या वाटेने गेलो. दादा वाडीत होता. वहिनींच्या हातात पाकीट दिले, पोलंडहून आणले आहे एवढेच म्हणालो आणि परत फिरलो. समेट करायला गेलेला माणूस असा पाकीट टाकून पळत नाही, हे मला कळत होते. पण त्या दिवशी तेवढेच जमले.

संध्याकाळी कुंपणापाशी दादाचा आवाज आला. बारा वर्षांत त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न.

"अरे, हा पापड भाजायचा की तळायचा?"

नुसता मोडायचा, असे मी सांगितले. तो थांबला. मग कुंपणावरून हात पुढे केला.

वाटेचा निकाल अजून लागलेला नाही. मोजणी करून घेऊ असे दोघांचे ठरले आहे. यंदा 24 तारखेला दादा-वहिनी आमच्याकडे जेवायला आहेत. मुलीने पाकिटातून ओप्वातेक पाठवला आहे, आणि पत्नीने एक ताट जास्तीचे काढून ठेवले आहे.